पाहणें आणि दिसणें

मनुष्याच्या शरीरांत डोळ्याइतकी दुहेरी चाकरी करणारा दुसरा अवयव क्वचितच सांपडेल. हात कामासाठीं असतात. ते सुंदर असले तर बरें, नसले तरी त्यांवांचून कोणाचें अडत नाहीं. केस बहुतांशी शोभेसाठीं असतात. डोळा मात्र पाहतोही आणि दिसतोही. आपण समोरच्या माणसाशीं बोलतों तेव्हां त्याच्या डोळ्यांकडे पाहून बोलतों, आणि त्याच वेळीं तोही आपल्या डोळ्यांकडे पाहत असतो. बहुतेकांच्या बाबतींत हीं दोन कामें एकमेकांच्या आड येत नाहींत, म्हणून त्यांतील भेद आपल्या ध्यानांतही येत नाहीं. परंतु कांहीं माणसांना एका कामासाठीं दुसऱ्याची किंमत मोजण्याचा प्रसंग येतो. ज्याचा एक डोळा बालपणापासून मंद राहिला आहे, ज्याला सामान्य बोलण्यांत 'आळशी डोळा' म्हणतात, अशा माणसानें चष्मा टाकून काँटॅक्ट लेन्स वापरावी कीं नाहीं, हा प्रश्न या दृष्टीनें प्रस्तुत लेखांत विचारासाठीं घेतला आहे.

प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक आहे. चष्मेवाल्याच्या दुकानांत पांच मिनिटांत सुटणारी ही बाब. तिला नीतिशास्त्राच्या कचेरींत कशाला ओढतां, असें कोणी विचारील. परंतु सत्यासाठीं सर्वस्वावर पाणी सोडावें कीं नाहीं, हा प्रसंग आपल्यांपैकीं बहुतेकांवर येतच नाहीं. आपलें उणें कोणाला किती दिसूं द्यावें, हा प्रसंग मात्र रोज येतो. आणि या लहानशा प्रश्नाच्या पोटांत तीन मोठे प्रश्न दडलेले आहेत. व्यंग झांकणें ही लबाडी आहे काय? चांगलें दिसण्याची इच्छा हलकी आहे काय? आणि आपल्याच शरीराचें आपण कांहीं देणें लागतों काय?

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. आळशी डोळा हें नांवच मुळीं अन्यायाचें आहे. नेत्रवैद्यकांत या दोषास अँब्लिओपिया म्हणतात. त्यांतील मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'बोथट दृष्टि' असा होतो. शंभरांत साधारण दोनतीन माणसांत तो आढळतो. जन्मतः बालकाला नीट दिसत नसतें. पहिल्या सातआठ वर्षांत डोळा आणि मेंदू मिळून पाहण्याची विद्या शिकतात. या शिक्षणाच्या काळांत एक डोळा तिरळा असला, किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठें अंतर असलें, किंवा एका डोळ्यांत मोतीबिंदु असला, तर मेंदूकडे दोन न जुळणारीं चित्रें येऊं लागतात. मेंदू त्यांतलें स्पष्ट चित्र घेतो आणि दुसऱ्याकडे अक्षरशः डोळेझांक करतो. हा उपेक्षेचा क्रम वर्षानुवर्षें चालला कीं त्या डोळ्याचें ऐकण्याची मेंदूची शक्तिच खुंटते. मग पुढें कितीही उत्तम भिंग लावलें तरी त्या डोळ्याला बारीक अक्षरें लागत नाहींत. तपासणाऱ्याला डोळ्याच्या आंत बहुधा कांहीं बिघाड सांपडत नाहीं. म्हणूनच नेत्रवैद्यांत अशी एक जुनी कोटी आहे कीं, या रोगांत रोग्याला फारसें दिसत नाहीं आणि वैद्याला तर कांहींच दिसत नाहीं.

ह्यूबेल आणि वीझेल या दोन शास्त्रज्ञांनीं १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत मांजराच्या पिलांवर जे प्रयोग केले, त्यांनीं या गोष्टीवर पुष्कळ प्रकाश पडला. जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत पिलाचा एक डोळा मिटून ठेवला आणि पुढें उघडला, तर डोळा धडधाकट असूनही मेंदूंतील पेशी त्याला ओ देत नाहींत. वाढ झालेल्या मांजराचा डोळा तसाच मिटून ठेवला तर असें होत नाहीं. दृष्टीविषयींच्या या संशोधनाबद्दल त्या दोघांस १९८१ सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. तात्पर्य, डोळा आळशी नव्हता. त्याला योग्य वेळीं कोणी काम दिलें नाहीं. ज्याला कधीं वर्गांत बसूं दिलें नाहीं त्या मुलाला 'ढ' म्हणण्यासारखेंच हें आहे.

उपायही या कारणांतूनच निघतो. योग्य चष्मा देऊन चांगल्या डोळ्यावर रोज कांहीं तास पट्टी लावावयाची, म्हणजे मेंदूला मंद डोळ्याचें ऐकणें भाग पडतें. बुफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानें १७४३ सालीं तिरळ्या डोळ्यासाठीं हा उपाय सांगितला होता, आणि तो आजही चालू आहे. पट्टी म्हटली कीं आपल्याला गांधारी आठवते. परंतु गांधारीनें आपले निरोगी डोळे बांधले ते पतीच्या अंधत्वांत वांटेकरी होण्यासाठीं. तिच्या पट्टीनें कोणाला दृष्टि आली नाहीं. या बालकाच्या पट्टीनें ती येते, मात्र वेळ गांठली पाहिजे. सात वर्षांच्या आंत गुण चांगला येतो. त्यापुढें सतरा वर्षांपर्यंतच्या कांहीं मुलांनाही थोडाबहुत गुण येतो, असें अमेरिकेंत २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत दिसून आलें. प्रौढपणीं फारशी आशा धरतां येत नाहीं. तेव्हां हें आधींच स्पष्ट केलेलें बरें कीं, प्रौढ माणसानें लेन्स घातली म्हणून त्याचा मंद डोळा जागा होईल, अशी अपेक्षा करूं नये.

आतां एक तरुणी कल्पूं. वय बावीस-तेवीस; शिक्षण पुरें करून नुकतीच नोकरीस लागलेली; पुण्यासारख्या शहरांत दुचाकीवरून जाणारी-येणारी. तिचा उजवा डोळा निर्दोष आहे. डाव्याला अधिक पांचचा नंबर, आणि तो कळला तिच्या नवव्या वर्षीं शाळेंतल्या तपासणींत. कारण एका डोळ्यानें उत्तम दिसत असल्यामुळें तोंवर तिची कसलीच तक्रार नव्हती. पट्टीचा उपाय झाला, कांहीं गुण आला, पुरता आला नाहीं. तिच्या चष्म्याचें उजवें भिंग साध्या कांचेसारखें आणि डावें फुगीर. त्या फुगीर भिंगांतून डावा डोळा उजव्याहून मोठा दिसतो. शाळेंत तिला कोणतीं नांवें मिळालीं असतील तें सांगावयास नको. 'चकणी', 'काणी' अशा शब्दांचा आपल्या भाषेंत दुष्काळ नाहीं. आतां घरांत तिच्या लग्नाच्या गोष्टी निघूं लागल्या आहेत, आणि ती म्हणते, "मला हा चष्मा नको. मी लेन्स घालीन."

घरांत तीन मतें पडतात. आजोबा म्हणतात, "देवानें जसें दिलें तसें दाखवावें. झांकाझांक कशाला?" काकू म्हणतात, "घालूं दे कीं! आणि लग्न ठरेपर्यंत डोळ्याचा विषय काढूंच नये." थोरली बहीण म्हणते, "डोळे तिचे आहेत, तिची मर्जी." या तिन्ही मतांत थोडें थोडें तथ्य आहे, आणि तिन्ही अपुरीं आहेत, असें आम्हांस वाटतें.

आजोबांचा आक्षेप प्रथम घेऊं. दिसतें तसें नसतें म्हणून जग फसतें, ही म्हण त्यांच्या मनांत आहे. परंतु दिसण्यांत फरक करणें म्हणजे फसविणें, असा नियम केला तर तो कोठवर न्यावा? आजोबांच्या स्वतःच्या तोंडांत कवळी आहे. दोन वर्षांपूर्वीं त्यांचा मोतीबिंदु काढला, तेव्हां डोळ्याच्या आंत एक कृत्रिम लेन्स बसविली. ती तर कोणालाच दिसत नाहीं, आणि अशी लेन्स १९४९ सालीं लंडनमध्यें रिडले या शल्यवैद्यानें प्रथम बसविल्यापासून जगांतील असंख्य वृद्ध ती डोळ्यांत घेऊन वावरत आहेत. त्यांना कोणी लबाड म्हणत नाहीं. मग नातीची लेन्स डोळ्याच्या आंत नसून बाहेरच्या पडद्यावर बसते, एवढ्यानेंच ती लबाडी कशी ठरते? आजोबांची लेन्स 'पाहण्यासाठीं' आहे आणि नातीची 'दिसण्यासाठीं', असें कोणी उत्तर देईल. पण तें उत्तर सत्यासत्याविषयींचें नव्हे. तें हेतूविषयींचें आहे, आणि त्याचा विचार पुढें स्वतंत्रपणें करूं.

लबाडी कशांत असते? आमच्या मतें, ज्याला एकादी गोष्ट जाणण्याचा अधिकार आहे त्याच्यापासून ती हेतुपूर्वक दडविण्यांत लबाडी असते. आणि असा अधिकार सर्वांना नसतो. ज्याच्या निर्णयाशीं किंवा सुरक्षिततेशीं आपल्या उणिवेचा खरा संबंध आहे, त्याला ती सांगणें हें आपलें ऋण आहे. बाकीच्यांचें कुतूहल भागविणें हें ऋण नव्हे. बसमध्यें समोर बसलेल्या उतारूला, दुकानदाराला, कचेरींतल्या सोबत्याला या मुलीच्या डाव्या डोळ्याची हकीकत कळलीच पाहिजे, असें कोणत्याही धर्मानें सांगितलेलें नाहीं. फुगीर भिंगाचा चष्मा ती हकीकत विचारल्यावांचून सर्वांना सांगत सुटतो. तो बंद करण्यांत असत्य नाहीं. न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर न देणें एवढेंच त्यांत आहे.

याच कसोटीनें काकूंचा सल्ला मात्र टिकत नाहीं. लग्न करूं पाहणारा पुरुष हा रस्त्यावरचा उतारू नव्हे. जिच्याशीं जन्म काढावयाचा तिला एका डोळ्यानें नीट दिसत नाहीं, हें त्याच्या निर्णयाशीं निगडित आहे. शिवाय असा दोष ज्या घराण्यांत असतो तेथील मुलांत तो आढळण्याचा संभव सामान्याहून अधिक असतो, आणि आईबापांना हें ठाऊक असलें तर मुलाची तपासणी वेळेवर होते. तेव्हां पहिल्या भेटींत ती लेन्स घालून बसली तर तिचें कांहीं चुकलें नाहीं. पण होकार देण्यापूर्वीं तिनें स्वतःच्या तोंडानें ही गोष्ट सांगितली पाहिजे. जेथें दोन डोळ्यांनीं अंतराचा अंदाज घेण्यावर दुसऱ्यांचे प्राण अवलंबून आहेत अशा नोकरीच्या ठिकाणींही तेंच. आपलें ठेवावें झांकून आणि दुसऱ्याचें पाहावें वांकून, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यांतील दुसरा भाग वाईट आहे यांत शंका नाहीं. पहिला भाग नेहमींच वाईट असतो असें नाहीं. तो कोणापासून झांकला यावर सर्व अवलंबून आहे.

आतां हेतूचा प्रश्न. चांगलें दिसावें ही इच्छा हलकी आहे, असें मानण्याची आपल्या सुशिक्षित वर्गाला फार दिवसांची संवय आहे. आपण रोज केस विंचरतों, कपड्यांना इस्त्री करतों, आणि मुलीनें आरशापुढें दहा मिनिटें अधिक घालविलीं कीं साधेपणावर व्याख्यान देतों. परंतु या मुलीची इच्छा सुंदर दिसण्याची आहे असें मानणेंच चुकीचें आहे. तिला सामान्य दिसावयाचें आहे. तिच्याशीं बोलतांना समोरचा माणूस तिच्या एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे गोंधळून पाहतो. तो गोंधळ तिला नको आहे. आपलें बोलणें ऐकलें जावें, आपला चेहरा हाच संभाषणाचा विषय होऊं नये, ही इच्छा गर्वाची नसून बरोबरीच्या वागणुकीची आहे. ज्याला ही वागणूक जन्मापासून फुकट मिळाली, त्यानें तिला हलकी म्हणणें शोभत नाहीं.

शिवाय लेन्स हा नुसता अलंकारही नव्हे. फिक या नेत्रवैद्यानें झूरिच येथें बनविलेल्या लेन्सची हकीकत १८८८ सालीं प्रसिद्ध केली, तेव्हांपासून तिचा मुख्य उद्देश दृष्टिदोष सुधारणें हाच आहे. फिकची लेन्स म्हणजे डोळ्याचा पांढरा भागही व्यापणारी कांचेची वाटी. ती कांहीं तासांहून अधिक सोसत नसे. १९६१ सालच्या नाताळांत प्राग येथें विख्टेर्ले या रसायनशास्त्रज्ञानें मुलांच्या खेळण्यांतील लोखंडी पट्ट्यांचें यंत्र घरींच जोडून पाणी शोषणाऱ्या मऊ पदार्थाच्या लेन्स तयार केल्या, आणि तेव्हांपासून आजच्या मऊ लेन्सचें युग सुरू झालें. चष्म्याचें भिंग डोळ्यापासून सुमारें बारा मिलिमीटर दूर असल्यामुळें चित्राचा आकारही बदलतें; अधिक पांचच्या भिंगानें चित्र शेंकडा सहाच्या आसपास मोठें होतें. एका डोळ्याचें चित्र मोठें आणि दुसऱ्याचें लहान, अशीं तीं एकत्र करणें मेंदूला जड जातें. लेन्स बुबुळालाच चिकटून असल्यामुळें हें अंतर जवळजवळ नाहींसें होतें. तान्ह्या बालकाच्या एका डोळ्याचा मोतीबिंदु काढल्यावर तर चष्म्यानें याहून कितीतरी मोठा फरक पडतो. अशा बालकाच्या डोळ्यांत लेन्स घालतात ती शोभेसाठीं नव्हे, डोळा मंद होऊं नये म्हणून. या तरुणीला एवढा मोठा लाभ होणार नाहीं. पण चष्म्याच्या कडेबाहेरचेंही सारखें दिसणें, डोकें हलतांना चित्र न डळमळणें, असे लहानसहान लाभ तिलाही होतील. तिचा हेतु मिश्र आहे. मिश्र हेतु म्हणजे दुष्ट हेतु नव्हे. आपल्या बहुतेक सत्कृत्यांचेही हेतु मिश्रच असतात.

येथवर आम्ही मुलीचीच बाजू मांडीत आलों. आतां थोरल्या बहिणीच्या मताकडे वळूं. आणि येथेंच खरी अडचण आहे. डोळे तिचे, मर्जी तिची, हें वचन दोन चांगले डोळे असलेल्या माणसाच्या बाबतींत बरेंच खपून जाईल. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, या म्हणींत दुसरा डोळा ही जास्तीची देणगी आहे. बहुतेकांच्या बाबतींत तें खरेंही आहे: एकाला इजा झाली तर दुसऱ्यावर संसार चालतो. या मुलीपाशीं ही राखीव शिल्लक नाहीं. तिचें वाचन, तिची नोकरी, तिचें दुचाकी चालविणें, सर्व उजव्या डोळ्याच्या एका खांबावर उभें आहे. ब्रिटनमध्यें २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार मंद डोळा असलेल्या माणसाला आयुष्यांत केव्हांतरी चांगल्या डोळ्याची दृष्टि गमावण्याचा धोका शेंकडा किमान १.२ इतका असतो. आंकडा लहान दिसतो. पण इतरांच्या बाबतींत जी इजा 'एक डोळा अधू झाला' एवढ्यावर थांबते, ती अशा माणसाच्या बाबतींत जवळजवळ आंधळेपणापर्यंत जाते.

आतां चष्मा तिच्यासाठीं काय करीत होता तें पाहा. आपल्या शास्त्रकारांचा एक काकाक्षिगोलकन्याय आहे: कावळ्याला बुबुळ एकच, आणि तें तो जरुरीप्रमाणें दोन्ही बाजूंस फिरवितो, अशी कल्पना. चष्माही तसाच दोन कामें करीत होता. डाव्या डोळ्यापुढें तो भिंग होता. उजव्यापुढें तो ढाल होता. उजव्या बाजूला नंबर नव्हता म्हणून ती कांच निरुपयोगी वाटे. वस्तुतः तीच अधिक मोलाची होती. रस्त्यावरची उडती खडी, दिवाळींतला फटाका, मैदानांतला चेंडू, अंगणांतल्या मुलांची विटी, बागेंतली कांटेरी फांदी, यांच्या आणि त्या एकुलत्या एका डोळ्याच्या मध्यें ती उभी होती. एकच चांगला डोळा असलेल्या माणसाला नेत्रवैद्य पॉलिकार्बोनेटसारख्या सहसा न फुटणाऱ्या पदार्थाचें भिंग वापरण्यास सांगतात. मग त्या डोळ्याला नंबर असो वा नसो. डाव्या डोळ्यांत लेन्स घालून चष्मा काढून ठेवला, कीं भिंगाचें काम लेन्स करते, पण ढालीचें काम करणारें कोणी उरत नाहीं.

ज्यांच्या चांगल्या डोळ्यालाही नंबर आहे त्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्यांना चांगल्या डोळ्यांतही लेन्स घालावी लागते, आणि लेन्सचे स्वतःचे धोके आहेत. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यांत रक्तवाहिन्या नसतात. तो आपला प्राणवायु बहुतांशी हवेंतूनच घेतो. लेन्स त्या वाटेंत बसते, आणि तिच्याबरोबर जंतूही बसूं शकतात. अमेरिकेंत १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिवसाच मऊ लेन्स वापरणाऱ्या दहा हजार माणसांत वर्षाला सुमारें चौघांना बुबुळाचा जंतुजन्य विकार झाला. रात्रींही न काढणाऱ्यांत हें प्रमाण सुमारें विसांवर गेलें. नळाच्या पाण्यांतही राहणारा अकँथामीबा नांवाचा सूक्ष्म जीव लेन्सवाटे डोळ्यांत शिरला तर त्याचा उपचार महिनेच्या महिने चालतो. असे विकार बरे झाले तरी डोळ्यांत फूल राहण्याचें भय असतें. दोन डोळ्यांच्या माणसाला दहा हजारांत चार हा धोका सहज घेण्यासारखा वाटेल. एका डोळ्याच्या माणसानें तोच आंकडा अगदीं निराळ्या मनानें वाचला पाहिजे.

"पण धोका माझा आहे, मी तो पत्करीन," असें ती म्हणेल. येथें तत्त्वज्ञानांतील एक जुना वाद उभा राहतो: मनुष्याचें स्वतःविषयीं कांहीं कर्तव्य असतें काय? देणें म्हटलें कीं घेणारा निराळा हवा. स्वतःचें स्वतःला देणें असेल तर मनांत येईल तेव्हां तें माफही करतां येईल, असा आक्षेप घेतात. आमचें उत्तर असें कीं, येथें घेणारी खरोखरच निराळी आहे. आज लग्नाच्या बैठकीचें भय वाटणारी तेवीस वर्षांची मुलगी निर्णय घेणार. त्याची किंमत पडलीच तर ती पन्नास वर्षांच्या बाईला द्यावी लागणार. ती बाई आज बोलावयास हजर नाहीं. लग्नाच्या बाजारांतील नजरा तिच्या आयुष्यांतून केव्हांच निघून गेलेल्या असतील, आणि उजवा डोळा मात्र तिला पूर्वीइतकाच, किंबहुना अधिक, लागत असेल. तिच्या वतीनें आज कोणीतरी बोललें पाहिजे, आणि तो अधिकार प्रथम या मुलीचाच आहे. स्वतःविषयींचें कर्तव्य म्हणजे आपल्याच उद्यांच्या रूपाचें विश्वस्तपण, असा आम्ही त्याचा अर्थ करतों. विश्वस्त खर्च करूं शकतो, पण ठेव उडवूं शकत नाहीं.

म्हणून आमचा निर्णय असा. व्यंग झांकण्यांत पाप नाहीं, आणि सामान्य दिसण्याच्या इच्छेंत कमीपणा नाहीं. परंतु दिसण्याची किंमत पाहणाऱ्या डोळ्याकडून वसूल करूं नये. या तरुणीच्या बाबतींत तें साधण्यासारखें आहे. तिला लेन्स फक्त डाव्या डोळ्यांत हवी. तेव्हां लेन्सचा धोका मंद डोळाच घेतो. कचेरींत, घरीं, समारंभांत ती बिनचष्म्याची खुशाल वावरो. दुचाकीवर, खेळांत, फटाक्यांच्या दिवसांत, ठोकाठोकीच्या कामांत मात्र पॉलिकार्बोनेटचा साधा, बिननंबरी चष्मा तिनें घालावा. दोन्ही डोळ्यांवर सपाट भिंग असलेल्या त्या चष्म्यांतून डावा डोळा मोठाही दिसणार नाहीं. लेन्स घालून झोंपूं नये, तिला पाण्याचा स्पर्श होऊं देऊं नये, डोळा लाल झाला किंवा दुखूं लागला तर ती ताबडतोब काढून त्याच दिवशीं वैद्य गांठावा. ज्यांच्या चांगल्या डोळ्यालाच लेन्स लागणार आहे, त्यांनीं मात्र चष्मा हाच रोजचा सोबती ठेवावा आणि लेन्स, घातलीच तर, वैद्याच्या सल्ल्यानें, रोज नवी घेऊन, थोड्या तासांपुरती घालावी.

"म्हणजे शेवटीं पुन्हा चष्माच कीं!" असें ती म्हणाली तर तिचा राग आम्ही समजूं शकतों. परंतु दोहोंत अंतर आहे. जुना चष्मा तिच्या इच्छेविरुद्ध तिची ओळख सांगत होता. नवा चष्मा शिरस्त्राणाप्रमाणें कामापुरता चढतो आणि कामानंतर उतरतो. तरीही तिला कांहीं सोडावें लागतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. दोन चांगले डोळे असलेल्या तिच्या मैत्रिणीला जो बेफिकीरपणा मिळतो तो तिला मिळणार नाहीं. हें अन्यायाचें आहे. पण हा अन्याय लेन्सनें दूर होत नाहीं.

राहतां राहिला प्रश्न आपला, म्हणजे पाहणाऱ्यांचा. या मुलीनें आपला एकुलता एक डोळा धोक्यांत घालावा असें तिला कोणी सांगितलें? प्रत्यक्ष कोणीच नाहीं. पण 'मुलीला चष्मा आहे का?' हें विचारणारे आपणच, मुलाच्या चष्म्याविषयीं तोच प्रश्न न विचारणारेही आपणच, आणि मुलांनीं वर्गसोबत्याला चकणा म्हटलें तेव्हां हंसून सोडून देणारेही आपणच. चांगल्या दिसण्याची किंमत आपल्या नजरांनीं इतकी चढविली नसती तर तिला हा सौदा करावाच लागला नसता. जें चित्र सहज स्पष्ट दिसतें तें घ्यावें आणि ज्यासाठीं थोडे कष्ट पडतात त्याकडे डोळेझांक करावी, हा मेंदूचा दोष आम्ही वर सांगितला. लग्नाच्या बैठकींत तो दोष संबंध कुटुंबांत उतरतो. मेंदूला निदान बालपणाची सबब आहे. आपल्याला ती नाहीं.

आणि आपल्या हातांत आणखी एक साधी गोष्ट आहे. मंद डोळ्याचें मूल तक्रार करीत नाहीं, कारण त्याला दिसत असतें, आणि याहून चांगलें दिसतें हें त्याला ठाऊकच नसतें. तेव्हां घरांतल्या तीनचार वर्षांच्या मुलाचा एक एक डोळा तळहातानें झांकून त्याला भिंतीवरच्या दिनदर्शिकेंतलें चित्र ओळखावयास सांगावें. एक डोळा झांकला असतां मूल स्वस्थ राहिलें आणि दुसरा झांकतांच तें हात झिडकारूं लागलें, तर त्याला त्याच आठवड्यांत नेत्रवैद्याकडे न्यावें. तसें न झालें तरी शाळेंत घालण्यापूर्वीं एकदां दोन्ही डोळ्यांची निराळी तपासणी करून घ्यावी. त्या वयांत पट्टी आणि चष्मा मिळून जें काम करतात, तें पुढें कोणतीही लेन्स करूं शकत नाहीं. आणि ज्या मुलीचें तें काम वेळेवर झालें, तिला तेविसाव्या वर्षीं पाहणें आणि दिसणें यांतून एकाची निवड करावी लागत नाहीं.